ठेंगणी

मोटरसायकलच्या टाकीतून तिसऱ्यांदा गंजाचं लाल पाणी निघालं तेव्हा तिने मूठभर नट आत टाकले, झाकण लावलं आणि टाकी कडेवर घेऊन पुन्हा हलवायला लागली.

"वहिनी, लेकराला एवढं हलवतात का?" गॅरेजवाला म्हणाला. त्याला सगळी गल्ली सायलेन्सर म्हणायची, कारण तो कधी गप्प बसायचा नाही.

"लेकरू झोपावं म्हणून हलवतात. मला हे उठवायचंय."

अंगणाच्या कडेला खुर्चीत तिचा नवरा बसला होता. छोटासा झटका आला, त्याला अकरा महिने झाले. हात-पाय सुधारले. वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, बोलणं आत कुठेतरी अडकलंय. लहानपणचं, जिवाजवळचं काहीतरी समोर आणून बघा.

मुलाचा मात्र धीर सुटला होता. "आई, तुझी कंबर बघ. शनिवारी येतो. बाबा एक शब्द बोलले तर मी हा विषय कायमचा बंद करीन. नाही बोलले तर त्यांना शुश्रूषा केंद्रात नेतो. तिथे दिवसभर नर्स असते."

नर्स असते, पण त्याचे डोळे कोण वाचणार? चहा गरम आहे, खिडकी उघड, दिवा राहू दे, हे सगळं तो डोळ्यांनी सांगायचा आणि ते तिलाच कळायचं. रोज सकाळी त्याला एक पान वाचून दाखवायचा नेम तिने एकदाही चुकवला नव्हता. आवडलं की पापणी हलायची. ती पापणी तिथे कोणाला दिसणार होती?

लहानपणचं विचारायला माणूस उरलं नव्हतं. सासू-सासरे तिने फोटोतच पाहिलेले आणि हा एकुलता एक, निदान तो तसं सांगायचा. राहिली होती ती ही ठेंगणी. दहाव्या वर्षी वडिलांनी घेऊन दिलेली गुडघ्याएवढी मोटरसायकल. चार घरं बदलली, ठेंगणी बरोबर आली. त्याने ती विकली नाही, दुरुस्तही केली नाही. रोज संध्याकाळी तिच्याजवळ उभा राहायचा, सीटच्या मागच्या टोकावर हात ठेवून.

"माझी सवत," ती मैत्रिणींना सांगायची. "मला मेलीला स्कूटरवर मागे बसवत नाहीत कधी. मी बसने, हे स्कूटरने. आणि सवतीला रोज भेटायला जातात!"

आता सवतीला न्हाऊमाखू घालायची पाळी तिच्यावर आली होती. जे घासून निघेल ते विकत आणायचं नाही, असं तिने ठरवलं. चाकाच्या रिंगा व्हिनेगरच्या बादलीत बुडवल्या. हँडल चुरगळलेल्या फॉइलने घासलं. साखळी रात्रभर रॉकेलमध्ये पडून राहिली. कार्बोरेटरची भोकं तिने केरसुणीच्या काडीने मोकळी केली. विकत आणले ते फक्त प्लग, ब्रेकची केबल आणि बाटलीभर पेट्रोल. बोटांच्या भेगांत गंज असा भरला की पीठ मळताना हात दुखायचे.

गुरुवारी सायलेन्सर गाडीखालून म्हणाला, "वहिनी, मागे बसणाऱ्याने पाय टेकवायचे पायटे कापलेत कुणीतरी. करवतीने. वर कानसपण मारलीय."

"पहिल्यासारखे करता येतील?"

"मोडक्या खुर्चीचा पाइप आहे माझ्याकडे. जोडतो. पण कशाला?"

"होती तशीच दिसली पाहिजे त्यांना."

शनिवारी सकाळी मुलगा गाडी घेऊन आला. बाबांची बॅग त्याने स्वतःच भरली. ती अंगणात कीक मारत होती. दहा, पंधरा, वीस. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"आई, पुरे आता."

"एकदाच."

"तू आठवडाभर एकदाच म्हणतेयस."

तिने प्लग काढला, ओठ घट्ट मिटून पुसला, परत बसवला. सायलेन्सरने कीक मारली आणि निळा धूर सोडत ठेंगणी फटफटली. पत्रे थरथरले. ती धावत नवऱ्याजवळ गेली.

"अहो, ऐकलंत? तुमची ठेंगणी!"

तो बघत राहिला. पापणीसुद्धा हलली नाही.

"फिरवा तिला," ती ओरडली. सायलेन्सरने अंगणाला फेरी मारली. दुसरी मारली. काही नाही. मुलाने बॅग उचलली.

तिची नजर मागच्या रिकाम्या पायट्यांवर गेली. ती त्याच्या वाटेत उभी राहिली. "तूही बस मागे."

"मी? आई, माझे गुडघे कानाला लागतील."

"बस म्हणते ना! मग ने त्यांना. मी एक शब्द बोलणार नाही."

मुलाने बॅग ठेवली, पाय दुमडले, नव्या पायट्यांवर कसेबसे बूट टेकवले. ठेंगणी वाकली, कण्हली आणि निघाली.

"पोटात गुदगुल्या नको करूस रे!" सायलेन्सर किंचाळला. मुलाला हसू आवरेना. एवढा बाप्या माणूस खेळण्यावर बसून झुलत होता. वळणावर तो एका बाजूला कलला, "अरे, पडतो, पडतो!" म्हणत आणखी हसला. तीही हसली, अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

खुर्ची मागे कलंडली. नवरा उठून उभा होता.

मुलाने पाहिलं. उतरून तो धावत आला. "बाबा! बोला, बाबा!"

नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्याच्या गळ्यातून आवाज आला, बारीक, दहा वर्षांच्या मुलाचा असावा तसा.

"आई, धाकट्याला मी मुद्दाम नाही पाडलं."