सर्वांत शेवटी

"पाय टेकलास, तर उद्या सायकल भंगारात," गिरीशने आईला बजावलं. गेल्या वर्षी ती पडल्यापासून त्याने धास्तीच घेतली होती.

बाणेरच्या ब्रुअरीत आंब्याच्या नव्या बिअरसोबत स्लो सायकलिंगची स्पर्धा होती. सर्वांत शेवटी पोहोचेल तो जिंकणार.

शिट्टी वाजली. तरणी पोरं धडाधड पाय टेकून बाद झाली. गिरीशची आई, पंचाहत्तरीच्या शरयूताई मात्र हँडल डुलवत, मुंगीच्या पावलानं रेषेपर्यंत आल्या.

"आजी, एवढं सावकाश कुठं शिकलात?" बक्षिसाचा भरलेला बिअरमग देत आयोजक मुलीने विचारलं.

"कॉलेजात. ह्याचे बाबा पायी, मी सायकलवर. घरी लवकर पोहोचायचंच नसायचं."

गिरीशने तिची सायकल सरळ धरली. मग म्हणाला, "दे ती बिअर इकडे आणि बस सायकलवर. मी चालतो शेजारून."