फ्रिजमधला हिवाळा

सुचित्राने फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात कुंडीऐवजी बिअरचे कॅन बघून तिचं डोकंच फिरलं.

"प्रबोध, माझी कुंडी कुठंय?"

"बाहेर कॉरिडॉरमध्ये, छान उन्हात," परवाच बोटीवरून सुट्टीवर आलेला नवरा हॉलमधून म्हणाला. "पार गारठली होती बिचारी. फ्रिजपण पुसून काढला मी."

ती धावत बाहेर गेली. सिंगापूरच्या हौगांग भागातलं दुपारचं ऊन थेट कुंडीवर आलं होतं. माती हाताला गरम लागली. सायबेरियन आयरिसचे हे कंद त्यानेच उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरातून हौसेने आणले होते. निळी फुलं येतील म्हणाला होता. दोन वर्षं नुसती पाती आली, आणि सुचित्राच्या हाताला गुण नाही, हे त्याने सगळ्या मित्रमंडळींत जाहीर करून टाकलं. शेवटी लायब्ररीतल्या एका पुस्तकात तिला सापडलं, की या झाडाला कडक हिवाळा लागतो, त्याशिवाय ते फुलतच नाही. सिंगापुरात हिवाळा आणायचा कुठून? तिने तो फ्रिजमध्ये आणला. कोथिंबीर, दही, इडलीचं पीठ वरच्या कप्प्यांत कोंबून इतके आठवडे ढकलले. आता थोडंच राहिलं होतं, आणि हे महाशय मदतीला धावले.

कुंडी उचलून ती आत आली. प्रबोध फोनवर होता.

"अरे संग्राम, हिला कुठलं जमतंय. आता मीच मनावर घेतलंय. बघ तू, फुलं दाखवतो की नाही."

त्याने फोन ठेवला तेव्हा ती समोर उभी होती. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त संताप होत होता.

"तुझ्या बोटीवर केळी असतात ना, थंड कोठारात?" तिने विचारलं.

"असतात की. अख्ख्या फेरीत एका डिग्रीचा फरक पडू देत नाही मी. चीफ इंजिनिअर उगाच म्हणतात होय?"

"आणि वाटेत कुणी दया येऊन कोठार उघडलं, केळी उन्हात काढून ठेवली तर?"

"दया?" प्रबोध हसला. "असल्या गाढवाला पुढच्याच बंदरात खाली उतरवतो मी. बॅगेसकट."

कुंडी कडेवर घेऊन सुचित्राने त्याच्यासाठी फ्लॅटचं दार सताड उघडलं.