ऋताच्या आवाजात

दिनानाथांनी पिंड धरलेली ओंजळ पाण्याकडे नेली आणि

— पिंड, फुले, राख गंगेत सोडू नका. घाटावरील निळ्या पेटीत ठेवा. पूजेसाठी नोंदणीकृत पुरोहितच निवडा. शाश्वत काशी, आपली काशी.

तिथेच थांबले. खांबावरचा कर्णा आधी हिंदीत बोलला होता, तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. आता मराठीत बोलला.

त्यांनी यज्ञेश्वर गुरुजींना विचारलं, नोंदणी आहे ना? गुरुजी म्हणाले, ॲपला घर नंबर लागतो. पायरीवरच्या चटईला कुठला नंबर? आजोबांपासून इथंच बसतोय. हा कर्णा लागल्यापासून मात्र बसलेला यजमान उठून जातो.

"यजमान, तुम्ही तरी उठू नका. विधी पूरा करू."

दिनानाथ अकोल्याहून धाकट्या भावाच्या पिंडदानासाठी आले होते. भावाचं एकदाच होतं, म्हणाले, नंतर घोळ नको.

ते पायऱ्या चढू लागले. मागून बायको. गुरुजींची मुलगी ऋता धावत वर गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, तो आवाज माझा आहे. पण हे मी बोललेच नाही."

मग तिनं भराभरा सांगितलं. नदी वाचवायचा संदेश आहे म्हणून कर्णे लावणाऱ्यांनी बोलावलं होतं. दुपारभर वाचून घेतलं : फळांची नावं, आकडे, सुटे शब्द. घरी बाबांनीच तयारी करून घेतली, मराठीतली हिंदी एकेक करून काढली. आता मशीन त्या आवाजात हवं ते बोलतं.

दिनानाथांच्या बायकोनं तिला न्याहाळलं. ती कर्ण्यातली बाई किती शुद्ध बोलते, नवऱ्याला म्हणाली.

"मग म्हणून दाखव," दिनानाथ म्हणाले.

तेच वाक्य म्हणावं लागणार होतं. ऋतानं खाली बापाकडे पाहिलं.

"पिंड, फुलं... राख... गंगेत..."

धावल्यानं दम लागला होता. आवाज चिरकला. पुढचा शब्द हिंदीतच आला.

दिनानाथांना तिची दया आली असावी.

खांबावरचा कॅमेरा वळला. कर्णा हिंदीत काहीतरी बोलला, आणि मग

— हिरव्या ओढणीच्या ताई, कृपया वाट अडवू नका.

"बघा, किती अदबीनं सांगतात," बायको म्हणाली.

ऋता बाजूला झाली. खाली यज्ञेश्वरांनीही, मुलीनं सांगावं आणि बापानं ऐकावं तशी, आपली चटई गुंडाळायला घेतली.