चार बोटं जादा

मुकादम जेवायला उठला आणि शिवणबाईने संधी साधली. ढिगातली एक पँट तिने मशीनवर ओढली. कापतानाच तिने तळाशी चार बोटं कापड जादा ठेवलं होतं. ते घाईघाईने आत दुमडून तिने टीप मारली. पँट तिच्या लेकाची होती, आणि उद्या तो ती घालून जाणार होता.

या कारखान्यात फौजेचे गणवेश शिवले जात. टेकडीवरच्या गोऱ्या पोरांच्या पँटींत कापड आत राखून ठेवायचं, म्हणजे पोरगं उंच झालं की उसवून लांबी वाढवता येते. नाल्यापलीकडच्या काळ्या पोरांच्या पँटी मात्र मापाला माप. शिवणबाई स्वतः नाल्यापलीकडची. आपल्या वाट्याला सगळंच तोकडं येतं, त्यात ही आणखी एक कंजुषी, असं समजून तिने कधी त्याचा बाऊ केला नव्हता.

लेकाने भरतीत नाव घातलं तेव्हा ती खूप रडली. पण गिरणीला टाळं लागलेलं, आणि नाल्यापलीकडचा चेहरा दिसला की बाकीचे लोक दारातूनच वाटेला लावत. फौज तेवढी हसून आत घेत होती. निदान पोटभर जेवेल, अंगाने भरेल, अशी तिने मनाची समजूत घातली. सुट्टीवर येईल तेव्हा पँट घोट्याच्या वर चढलेली असेल आणि टेकडीवरची पोरं त्याला हसतील, एवढंच तिला सलत होतं.

मुकादम आला आणि त्याने नेमकी तीच पँट उचलली. दुमडीची जाडी त्याच्या बोटांना लगेच कळली. आता नोकरी गेली, असं तिला वाटलं.

पण तो चिडला नाही. माणूस तसा वाईट नव्हता. पँट कुणाची, हे त्याला ठाऊकही नव्हतं.

“मावशी, हा ढीग नाल्यापलीकडचा ना?”

“हो. पण वाढतं वय आहे हो पोरांचं. वर्षभरात तोकडी पडेल.”

मुकादमाने उसवायचं ब्लेड तिच्यापुढे सरकवलं आणि नवख्याला काम समजावून द्यावं तसा तो हळू आवाजात म्हणाला, “यांना लढाईत सगळ्यात पुढे उभं करतात, मावशी. आजवर यांच्यातल्या एकाचीही पँट तोकडी पडलेली नाही.”