चौथा खटका

तिसरा खटका विभावरीने ओढणीखाली धरून स्वयंपाकघरात आणला आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी दडवला. वरून तांदूळ सारखे केले. मग चहा ठेवला, कारण गुणवंत अंघोळ करून येईल आणि बंदुकीला बसेल.

बंदुकीला बसेल. लोकांचे नवरे पत्त्यांना बसतात, कॅरमला बसतात.

गुणवंत आखातात, रुवैसच्या रिफायनरीत, मेंटेनन्स वर्कशॉपला. दिवसभर लोखंड घासून माणसाचं मन भरायला हवं. पण सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत एक दिवस तो हातभर लांब पोलादी नळी घेऊन आला आणि सरळ तिच्या उशाशी ठेवून दिली. ती तेव्हा दिवसासुद्धा पडूनच असायची. हे काय, म्हणून तिने विचारलं.

"रायफल करतोय. छंद म्हणून," तो म्हणाला. गुहागरला आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, त्याहून जरा बरी करायचा विचार आहे, असंही म्हणाला.

नोव्हेंबरात तन्मय गेला होता. त्यांचा नऊ वर्षांचा पोर, तीन दिवसांच्या तापात. गुणवंत त्यावर एक अक्षर बोलला नव्हता. रडलाही नव्हता. आणि आता हा मुका माणूस घरात बंदूक करायला बसला होता. ती कोणासाठी, हे विभावरीला विचारावं लागलं नाही.

तिने पोलिसांची भीती घालून पाहिली. या मुलखात घरात बंदूक सापडली तर आधी जेल, मग पुढच्या विमानाने घरी, खलास. कोण बघायला येतंय, म्हणून तो पॉलिश पेपर घासत राहिला.

बंदुकीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण ज्याला बोट लावायचं तो तुकडाच नसला तर बंदूक उडणार नाही, एवढं कोणालाही कळेल. बंदुकीचे तुकडे ठेवायच्या खोक्याला त्याने कधी कुलूप लावलं नाही. वेंधळाच पहिल्यापासून. एका सकाळी तो ड्यूटीवर गेल्यावर ती उठली, न्हायली आणि पहिला खटका उचलला. घरात लपवायला तिची जागा एकच, तांदळाचा डबा. तिथे तिची एक पुडी होती. ती तिने फेकून दिली. एका डब्यात दोन-दोन गोष्टी सांभाळायचं त्राण नव्हतं. दोन दिवसांनी खटका रुमालात बांधून ती समुद्रावर गेली. तीन महिन्यांनी अंगावर ऊन पडलं. डोळे दिपले.

गुणवंतने सोफ्याखाली वाकून शोधल्यासारखं केलं, आणि आठवड्याभरात दुसरा खटका केला.

मग तिचा दिनक्रमच ठरून गेला. तो करायचा, ती पळवायची. स्प्रिंग गेली, स्क्रू गेले. लाकडी दस्ता मात्र तिला भारी पडला. बाल्कनीत वाळायला ठेवलाय, असं त्याने शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगितलं, आणि तिने तो समुद्रात टाकला, तर बुडेना. लाट परत आणून पायाशी घाली. शेवटी पिशवीत घालून ती बसने अबुधाबीला गेली, तिथल्या कचऱ्यात टाकून आली. बाहेर गेल्याला काही कारण दिसावं म्हणून येताना बर्फात घालून सुरमई आणली. गुणवंतने ती काटे चोखून खाल्ली.

शेजारच्या शहरबानू श्रीवर्धनच्या. नोव्हेंबरापासून त्यांनीच दोन्ही वेळचा डबा पुरवला होता. त्या एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, "विभाताई, तोंडावर नूर आला बघा तुमच्या. चालणं मानवलं."

विभावरीला शरमल्यासारखं झालं. नवरा मरायला निघालाय आणि हिच्या तोंडावर नूर.

गुणवंत केस पुसत आला. चहा घेतला. खोक्यात डोकावला, तिसरा खटका नाही हे बघितलं, आणि शर्टाच्या खिशातून चौथा काढून टेबलावर ठेवला.

"या खेपेला दोन केले होते. उद्या शुक्रवार. उद्या बसवतो."

तिने खटक्याकडे बोट केलं. "कोणावर चालवणार आहात?"

त्याने उरलेला चहा संपवला. "ते तुझ्यावर आहे," म्हणाला.

तन्मयला ताप चढला तेव्हा दवाखान्यात न्यायला एक दिवस तिनेच उशीर केला होता. एवढ्या महिन्यांनी ते आज त्याच्या तोंडून निघालं, असं तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी तो मासळीला म्हणून बाहेर पडला, तशी तिने खोका ओढला. आता एकेक तुकडा पुरे. सगळंच बुडवायचं. तिने नळी उचलली. आत गोळी भरली आहे का बघावं म्हणून उजेडाकडे धरून डोळा लावला. पलीकडचं दिसेना. उदबत्तीची काडी घातली, ती नखभर जाऊन अडली. दुसऱ्या टोकाला तेवढीही खाच नव्हती. नळी म्हणजे नुसती भरीव कांब होती.

खोक्याच्या तळाशी वर्कशॉपची निळी वही होती. रोज संध्याकाळी तो तीत मापं लिहितो, असं ती समजत होती. अक्षर त्याचंच, ठेवणही मशीनच्या नोंदीची. तिने पहिलं पान उघडलं.

"३ फेब्रुवारी. तांदळाच्या डब्यात पुडी सापडली. झोपेच्या गोळ्या, न घेता साठवलेल्या. काढून घेतल्या तर दुसरीकडे साठवेल."

"५ फेब्रुवारी. कांब आणून उशाशी ठेवली. हे काय, म्हणाली. महिन्याभरातले पहिले शब्द."

"११ फेब्रुवारी. खोक्यातला खटका नाहीसा. केस ओले होते, न्हायली असावी. ती झोपल्यावर तांदळात हात घालून बघितलं. खटका आहे. पुडी नाही. दुसरा खटका करायला घेतला."