कोरड्या हातानं

"बाप्तिस्मा कुणी केला?" फादर प्रत्येकाला विचारत होते.

"अपोलोनिया मावशीनं," प्रत्येक जण सांगत होता. पोरं सांगत होती, पोरांचे बापही सांगत होते. मग फादर त्याच्या कपाळाला दृढीकरणाचं, म्हणजे बाप्तिस्म्यावर शिक्कामोर्तब करणारं, पवित्र तेल लावत आणि पुढच्याकडे वळत.

सोविएत कझाकस्तानातल्या कारागांडाजवळच्या त्या खाणवस्तीत फादर पहिल्यांदाच आले होते. कैद्यांच्या श्रमछावणीतून सुटल्यावर ते बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामाला लागले होते, आणि सुट्टीच्या दिवशी लपूनछपून हद्दपार जर्मनांच्या वस्त्या फिरत. त्या मुलखात ना बिशप होता, ना चर्च. जे काही होतं ते अपोलोनियाच्या पेल्यातल्या पाण्यावर उभं होतं. आज खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. असे विधी करायला सरकारची बंदी होती; पोलीस आलेच तर वाढदिवस आहे म्हणायचं ठरलं होतं. टेबलावर केक होता, अकॉर्डियन होता. वाढदिवस नक्की कुणाचा, असं विचारून वस्तीतल्या थट्टेखोर कास्परनं बायकांना हसवूनही झालं होतं.

अपोलोनिया हसली नाही. चुलीजवळच्या बाकावर ती नुसती बसून होती. म्हातारी मागदालेना गेल्यापासून तिला थंडी कळत नव्हती, भूक कळत नव्हती.

पूर्वी वस्तीतले बाप्तिस्मे मागदालेना करायची. अपोलोनियाला तिनंच शब्द शिकवले होते. मरताना तिनं अपोलोनियाचा हात धरून सांगितलं, की हद्दपारीच्या गाडीत, गुरांच्या डब्यात तू जन्मलीस. जगशील असं वाटेना. तुझी आईही जायला टेकली होती. पोरीचा बाप्तिस्मा करा, एवढंच म्हणत होती. डब्यात पाण्याचा थेंब नव्हता. मी कोरडाच हात तुझ्या कपाळावरून फिरवला, शब्द म्हटले आणि झालं म्हणून सांगितलं. तुझी आई शांतपणे गेली. नंतर तू जगलीस, पण मला खरं सांगायचं धाडस झालं नाही.

पाण्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही, म्हणजे आपला झालेलाच नाही. मग आपण केलेले कसले खरे? सगळी वस्तीच बाप्तिस्म्याविना राहिली. आणि एका रात्रीची लेना, आपल्या पोटची, जिच्या डोक्यावर आपणच पाणी ओतलं आणि सकाळी जिला मातीत ठेवलं, तीही राहिली.

गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. ती उठली, फादरांना कोपऱ्यात घेऊन गेली आणि हलक्या आवाजात तिनं सारं सांगितलं.

"तू करायचीस तेव्हा पाणी ओतायचीस?"

"हो."

"आणि शब्द?"

"एकही चुकू दिला नाही."

"मग ते सगळे बाप्तिस्मे खरे. करणाऱ्याचा स्वतःचा झालेला नसला तरी खरे. चर्च फार जुन्या काळापासून हे मानत आलंय."

"माझी लेना?"

"लेनाचाही," फादर म्हणाले. "राहिलीस ती तू एकटीच, बाई."

इथंच करून टाकू, कुणाला कळायचंही नाही, असं ते म्हणाले. तिनं नकारार्थी मान हलवली. ती रांगेच्या शेवटी, कडेवरच्या बाळांच्याही मागे जाऊन उभी राहिली.

कास्परनं तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "काय मावशी, आज कुणाचं लेकरू आणलंस?"

"माझ्या आईचं," ती म्हणाली.