कापलेला भाग

“त्या दिवशी तुमचं लक्ष कुठे होतं?” असा प्रश्न ऐकू आला आणि पडद्यावरचा जीवरक्षक हसला.

नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला. “बघ, हसतोय कसा. आपली पोर गेली आणि हा हसतोय.”

संकलनाची खोली एवढीशी होती. मोठा पडदा, दोन स्पीकर, चार खुर्च्या. पुढे यंत्रापाशी संकलन करणारी बाई बसली होती, दाराशी दिग्दर्शक उभा होता. माहितीपट येत्या आठवड्यात टीव्हीवर लागणार होता, जीवरक्षकाच्या चौकशीच्या आदल्या दिवशी. त्याआधी मुलीच्या आईवडिलांनी तो पाहावा, म्हणून दिग्दर्शकाने दोघांना बोलावून घेतलं होतं.

पडद्यावर पोहण्याचा तलाव आला. पाण्याची गती मंद केलेली, खाली एक जड, घुमणारा सूर. मग ती स्वतः दिसली, खिडकीपाशी मुलीच्या फ्रॉकची घडी घालताना. ती घडी तिला तीनदा घालावी लागली होती. उजेड हवा तसा पडत नव्हता.

पडदा काळा झाला.

“याला मी सोडत नाही,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

दिग्दर्शकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्हीच कशाला, दादा? हे पाहून लोकच त्याला सोडणार नाहीत.”

“ते जीवरक्षक का हसले होते?” तिने विचारलं.

संकलन करणारी बाई मागे न वळता म्हणाली, “कॉलरचा माइक चौथ्यांदा खाली पडला, तेव्हा.”

“माणूस तोच आहे, हसूही त्याचंच आहे,” दिग्दर्शक घाईने म्हणाला. “आपण खोटं काहीच दाखवलेलं नाही.”

“आणि मी सांगितलं होतं ते? ते कुठे आहे?”

“त्या भागाचा आवाज खराब आला, ताई.”

“चांगला आला होता. मी बोलत होते तेव्हा तुम्ही डोळे पुसत होतात.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. “काय सांगितलं होतंस?”

दिग्दर्शक तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, “ताई, आत्ता बघणारा प्रत्येक जण तुमच्या बाजूने आहे. तो भाग घातला, तर लोकांचा राग कुणावर जाईल? मी तुम्हाला वाचवतोय.”

“आणि त्यांना? त्यांची नोकरी जाणार आहे. कदाचित तुरुंगातही जातील.” ती पुढे वळली. “लावा, बाई.”

“नको,” दिग्दर्शक म्हणाला.

बाईचं बोट क्षणभर अडलं. मग तिने कळ दाबली.

या चित्राखाली सूर नव्हता. कुठल्यातरी पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. पडद्यावर ती सरळ समोर पाहून बोलत होती.

“लक्ष ठेवायला ते जीवरक्षक एकटेच होते. पाण्यात तीसेक मुलं असतील. मला म्हणाले, ताई, मुलीला उथळ बाजूलाच राहू द्या आणि नजर हलवू नका. मी हो म्हटलं. मग फोन आला. मी भिंतीकडे तोंड करून बोलत राहिले. ती खोल बाजूला कधी गेली, मला कळलं नाही. शिट्टी ऐकून वळले, तेव्हा त्यांनी उडी मारलेली होती.”

चित्र थांबलं. नवऱ्याचा हात तिच्या हातातून कधीच सुटला होता. त्याचा श्वास खोलीभर ऐकू येत होता.

“कुणाचा फोन होता?” दिग्दर्शकाने विचारलं. मुलाखतीत विचारायचा तसंच, मऊ आवाजात.

“त्याचं काय करायचंय?” ती म्हणाली आणि खाली पाहू लागली.

“माझा,” नवरा म्हणाला.

तो पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. शेजारी बसलेल्या तिच्याकडे नाही.

“ती फोन ठेवते म्हणत होती. मीच ओरडलो, आधी माझं ऐकून घे.”